मोटेची राक्षसीण

जळगाव जामोदच्या बाजारात तंबू टॉकीज लागली की पुंजाजी पहिल्या रांगेत बसे. सिनेमा मात्र रक्तपित्या राजाचा, पडक्या किल्ल्याचा, पंखवाल्या राक्षसिणीचा हवा. राक्षसीण उडाली की तिच्या पाठीवरच्या तारा साफ दिसत. लोक हसत. पुंजाजी चिडे.

"हसता काऊन बे? तार वढणाऱ्याचे हात पाहा. येकबी झटका नाही!"

हे त्याला कळे. तीस वर्षं त्यानं किसनरावाच्या मळ्यात मोट हाकली होती; कातड्याच्या त्या पिशवीनं विहीर उपसली होती. यंदा मळ्यात इंजिन बसलं. मोट गोठ्यात पडली आणि पुंजाजी ओट्यावर.

एक दिवस त्यानं मोटेला ताडपत्रीचे पंख लावले आणि डोळे म्हणून लाल काचेचे दोन कंदील टांगले. पंख शिवता शिवता बायको जनकाबाई म्हणाली, "म्हातारपणी भूत व्हायची हौस आली तुमाले!"

पुंजाजी तंबूवाल्या हिंमतरावाकडे गेला. "पडद्यावर राक्षसीण उडते, तवा मी ही लोकायच्या डोक्यावरून उडवतो."

"येक खेळ देतो," हिंमतराव म्हणाला. "कोनी किंचाळलं त ठेवतो. नाही त मोट घेऊन घरी जाय."

मोटेला दुसरं काम उरलं नव्हतं. पुंजाजीलाही.

पुंजाजीनं तंबूत लोकांच्या डोक्यावरून तार ताणली आणि तिच्यावर फिरणाऱ्या चाकाला मोट टांगली. रिकामी मोट हेलकावे खाते. म्हणून त्यानं तिच्यात दोन घागरी पाणी ठेवलं. उजव्या हातात ओढायचा जाड दोर घेतला, डाव्या हातात मोटेची पाणी सोडणारी सोंड वर धरणारी बारीक दोरी.

पडद्यावर किल्ला पेटला, राक्षसीण झेपावली. तंबूमागे पुंजाजी चालू लागला. विहिरीवर बावीस पावलं लागत, इथंही त्यानं बावीसच मोजून ठेवली होती. पंख पसरून मोट लोकांवरून सरकली.

"अरे, थे त किसनरावच्या मळ्यातली मोट व्हय!"

"पुंजाजीबुवा, मिरच्यायले पानी सोडा!"

तंबू हसला. चौदाव्या पावलाला पुंजाजीचा दोर किंचित अडखळला. तरी तो थांबला नाही.

बाविसावं पाऊल पडलं. तीस वर्षं या पावलाला मोट विहिरीच्या काठच्या थारोळ्यावर येई आणि पाणी ओतायला सोंड मोकळी होई. डाव्या हातातली दोरी आपसूक सुटली.

खाली पडद्याजवळ खुर्ची टाकून हिंमतराव बसला होता, कोण किंचाळतं ते बघायला. दोन घागरी गार पाणी थेट त्याच्या टाळूवर आलं. त्यानं वर पाहिलं, तर दोन लाल डोळे.

तो असा किंचाळला की पुढच्या तीन रांगा उठून पळाल्या.

पुंजाजी आत आला. हिंमतराव धोतर पिळत होता.

"कोनी किंचाळलं त, म्हने तुम्ही."

"राहू दे मोट," हिंमतराव पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी लोक छत्र्या घेऊन पहिल्या रांगेसाठी भांडत होते. पुंजाजीला त्यांच्याकडे पाहायला सवड नव्हती. तो सकाळपासून चाकाला तेल देत होता. चौदाव्या पावलाचा झटका त्याला रात्रभर सलला होता.