दीड हात तपकिरी दोरा

तिचं खरं नाव मी लिहिणार नाही. पीडितेचं नाव छापू नये असा कायदा आहे, आणि तो योग्य आहे. इथे तिला इंद्रायणी म्हणू आणि तिच्या आईला सोजराबाई. धाराशिवकडच्या या दोघी दापोडीत आमच्या शेजारी राहतात. कागदपत्रं नीट लावून ठेवायची मला सवय आहे, म्हणून तिच्या खटल्याची फाइल माझ्याकडे असते.

इंद्रायणी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. चार वर्षांपूर्वी तिथल्या सुपरवायझरने तिला सामानाच्या खोलीत गाठून अत्याचार केला. तिने त्याच दिवशी फिर्याद दिली. पोलिसांनी तिच्या अंगावरचा कंपनीचा आकाशी शर्ट जप्त केला. सुपरवायझर जामिनावर सुटून पुन्हा कामावर गेला, हिला मात्र कंपनीने परत बोलावलं नाही. तारखेला आला की कोर्टाच्या आवारात कुणी ना कुणी त्याला म्हणायचं, "बसा राव, उभे का?" आणि हिला, "ए, दारातून बाजूला हो."

तो शर्ट तिच्या स्वप्नात यायचा. सकाळी गॅलरीत भेटली की सांगायची, "काका, काल परत आला होता." गच्चीवरच्या दोरीवर तो वाळत असायचा. वारा नसताना बाह्या हलायच्या. ती जवळ गेली की दोरी लांब लांब जायची, थेट रुळांपलीकडे, आणि शर्ट एका ठिपक्याएवढा व्हायचा.

साक्षीच्या दिवशी तोच शर्ट तिला ओळखायचा होता. ओळख पटली नाही तर खटल्याचा मुख्य पुरावाच ढिला पडणार होता. अशी सुनावणी दार बंद करून होते, म्हणून मी बाहेरच्या बाकावर फाइल घेऊन बसलो. आतलं सगळं दोघींनी नंतर सांगितलं.

ती आणि आरोपी यांच्या मध्ये पडदा लावला होता. पडद्याखालून त्याचे बूट तेवढे दिसत होते, पॉलिश केलेले. इंद्रायणी त्या बुटांकडे पाहत राहिली आणि तिला वाटलं, आपण पाण्याखाली उभ्या आहोत, आवाज वरून कुठून तरी येतायत.

आरोपीचे वकील म्हणाले, "असे शर्ट कंपनीत शेकडो बायकांना मिळतात. हा तुमचाच कशावरून?"

शर्टाचं सीलबंद पाकीट अजून उघडलं नव्हतं.

ती म्हणाली, "आतून उलटा करा. डाव्या शिवणीला खिसा आहे, तपकिरी दोऱ्याचा. तिरका आहे. जेवणाच्या सुट्टीत घाईत शिवला होता. शेवटचे तीन टाके उलटे घातलेत."

कंपनीच्या शर्टाला खिसा नसतो, माल बाहेर जाऊ नये म्हणून. पण बसचा पास ठेवायचा कुठे? म्हणून लाइनवरच्या सगळ्याच बायका मशीनच्या बॉबिनवर उरलेल्या दोऱ्याने आतून चोरखिसा शिवतात. कुणी कुणाचं नाव सांगत नाही. पंचनाम्यात त्या खिशाचा उल्लेखच नव्हता. शर्ट कुणी आतून पाहिलाच नव्हता.

"म्हणजे कंपनीचा दोरा चोरलात?" वकील हसले.

"हो साहेब. दीड हात."

न्यायाधीश बाईंनी मान वर केली. पाकिटाचं सील तोडलं. शिपायाने शर्ट उलटा केला. डाव्या शिवणीला खिसा होता, तपकिरी, तिरका. बाईंनी चष्मा लावून टाके मोजले.

"तीन," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या. साक्षीदाराने शर्ट ओळखला."

पडद्याखालचे बूट मागे सरकले.

बाहेर आल्यावर सोजराबाई कपाळाला हात लावून मला म्हणाल्या, "बघा की भाऊ, चोरी केली म्हणून सांगून आली पोरगी!"

"केलीच होती," इंद्रायणी म्हणाली.

निकाल अजून लागायचाय. पुढची तारीख मी डायरीत लिहिली. सुपरवायझर त्याच्या गाडीत बसून गेला, आम्ही बसने निघालो. खिडकीशी बसल्या बसल्या तिला झोप लागली. कासारवाडी आली तशी तिची बोटं मांडीवर शिवल्यासारखी हळूच हलायला लागली, पुढे दोनदा, मागे तीनदा. दापोडी आली तरी आम्ही तिला उठवलं नाही. एक स्टॉप पुढे जाऊन चालत परत आलो.