शेवटच्या पंगतीचं इंटरनेट

देवणीजवळच्या आमच्या गावात इंटरनेट संगप्पा वाढतो. 'वाढतो' हाच शब्द बरोबर. लग्नाच्या पंगतीत वीस वर्षं वरणाची बादली घेऊन फिरलेला माणूस तो. पाण्याच्या टाकीवर त्यानं अँटेना बसवला, घराघरांवर छोट्या छत्र्या लावल्या आणि उदगीरहून येणारं तुटपुंजं नेट दीडशे घरांना पुरवायला घेतलं.

कुणाला कधी, किती, हे तो कम्प्युटरवर ठरवतो. "एकाच्याच पानात बादली पालथी केली, तर बाकीच्यांनी काय पत्रावळ चाटायची?" असं त्याचं म्हणणं. म्हणून सगळ्यांना थोडं थोडं, फिरून फिरून. कुणाची मुलाखत असली, डॉक्टरशी बोलायचं असलं, तर त्यांना आधी, कारण समोरचा माणूस ताटकळत बसत नाही. सिनेमा अडला तर कुणी मरत नाही. माझं क्रिकेट त्यानं सिनेमातच धरलंय. शेवटच्या षटकात फलंदाज बॅट उचलून पुतळा होतो, तेव्हा मी शेजारधर्म पार विसरतो.

आणि त्याचं स्वतःचं घर? काम काहीही असो, ते सगळ्यात शेवटी. यजमानानं शेवटच्या पंगतीला बसायचं, हा त्याचा बाणा. गावात त्याचं केवढं कौतुक! मीही करायचो, गेल्या रविवारपर्यंत.

त्या दिवशी नांदेडला, मुलाच्या सासुरवाडीत, संगप्पाच्या नातीचं बारसं होतं. बायकोचा, शिवम्माचा, पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे दोघंही घरीच. तिनं नात अजून पाहिली नव्हती. नवी साडी नेसून, मोबाइल हातात धरून ती पावणेबारापासून खाटेवर बसली होती. बारसं बघायला आलेला मी तिच्या शेजारी. सुट्टीची दुपार, सगळं गाव नेटवर. पाळणा दिसला. बाळाची आत्या, म्हणजे यांची लेक अंजू, कानात नाव सांगायला वाकली आणि चित्र थिजलं. पडद्यावर नुसता अंजूचा अंबाडा.

"अहो, जरा आपल्याकडं सोडा की!" शिवम्मा ओरडली.

"लोकं काय म्हणतील? घरचे मागून," बाहेरच्या खोलीतून संगप्पा.

तेवढ्यात त्याच खोलीतून बाळाचं रडणं ऐकू आलं. अगदी स्वच्छ. शिवम्मा काठी टेकत उठली, मी मागोमाग. संगप्पा दुसऱ्या मोबाइलवर बारसं बघत होता. चित्र कसं लख्ख!

"टेस्टिंगचा हाय ह्यो," तो चाचरला. "पहिला नंबर ह्यालाच द्यावा लागतो. वाढप्यानं चव बघाया नको?"

"तीस वर्सं शेवटच्या पंगतीला मी बसून राहिले," शिवम्मा म्हणाली. "तुम्ही तर बादलीपाशीच जेवून राहिलात की ओ!"

मला हसू फुटलं होतं, ते तिचा चेहरा बघून आत गेलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, माझ्या स्वयंपाकघरातली बायकोची शेवटची पंगतही आठवली. संगप्पानं मोबाइल तिच्या हातात दिला. नात जांभई देत होती. शिवम्मा हसत होती, रडत होती.

"नाव काय ठेवलं ग?" अंबाड्यावर थिजलेला तिचा मोबाइल हातात घेऊन संगप्पानं दोनदा विचारलं.

"थांबा," ती मान वर न करता म्हणाली. "आधी मला बघू द्या."