‘समजते काय?’ – ‘हो जी’

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्हा पॅरामेडिकल वर्करांना वर्ध्याला शिकायला बोलावत, आणि आम्ही तिथं झोपायला जात असू. आम्ही म्हणजे सायकलवर गावोगाव फिरून कुष्ठरोगाचे चट्टे शोधणारी माणसं. अंगावर फिकट चट्टा दिसला की त्याला कापसाची वात टेकवायची. स्पर्श कळला नाही तर रोग, कळला तर बहुतेक साधा डाग. तेच आम्हाला दर महिन्याला खिडक्यांना काळे पडदे लावून, भिंतीवर चित्रं दाखवून पुन्हा सांगितलं जाई. अंधार, पंख्याची घरघर आणि नुकतंच पोटात गेलेलं जेवण! शेवटी दिवा लागे, डॉक्टर विचारत, "समजलं का?" आणि आम्ही एका सुरात "हो सर" म्हणत असू. माझा आवाज सगळ्यात मोठा, कारण झोपही माझीच सगळ्यात छान झालेली असे.

आणीबाणी उठली त्या सुमारास एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी काळे पडदे काढून धुवायला टाकले, ते पुन्हा कधी लागले नाहीत. आमच्या जोड्या लावल्या. एकानं आपल्या पाठीवरची एक जागा मनात ‘बहिरी’, म्हणजे स्पर्श न कळणारी, ठरवायची, चिठ्ठीवर तिचं चित्र काढून मॅडमकडे द्यायचं आणि शर्ट काढून बसायचं. दुसऱ्यानं कापूस टेकवत त्या जागेची हद्द हुडकून पेनानं आखायची. मग चिठ्ठी उघडून ताडून बघायचं. बाप्ये चाळिशीचे, पण शाळकरी पोरांसारखे भांडायला लागले. एकाला तर इतक्या गुदगुल्या व्हायच्या की त्याची सगळी पाठ शाईनं माखून गेली तरी हद्द काही सापडेना. मी दोन वेळा जिंकलो आणि माझ्या डोक्यात हवा गेली. बनियनवरच्या शाईपायी घरी बोलणी खाल्ली, ती मी मोठ्या ऐटीत ऐकून घेतली.

मग एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या खेपेला प्रत्येकानं एक माणूस आणायचा. ज्याचा चट्टा तपासून तुम्ही ‘रोग नाही’ असं लिहून दिलंय, असा माणूस."

बाकीच्यांचे चेहरे पडले. मी मात्र खूश. माझा माणूस ठरलेला होता. केळझरच्या अलीकडे एका काकांचा भाजीचा मळा होता, वांगी आणि कोथिंबिरीचा. काका गप्पिष्ट, कोणालाही परत न पाठवणारे. त्यांच्या उजव्या कोपराखाली फिकट चट्टा होता. तो मी हिवाळ्यात त्यांच्या विहिरीच्या काठावर बसून तपासला होता आणि ‘रोग नाही’ असं लिहिलं होतं. काकांना इतका आनंद झाला की सायकलला पिशवीभर वांगी बांधल्याशिवाय त्यांनी मला जाऊ दिलं नाही.

ठरल्या दिवशी काका धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून आले आणि सगळ्यांना रामराम करत खुर्चीवर बसले. मॅडम मला म्हणाल्या, "मळ्यात जसं तपासलं तसंच तपासा."

मी चट्ट्यावर कापूस टेकवला. "समजते काय?"

"हो जी."

"इथं?"

"हो जी."

चार ठिकाणी चार वेळा हो. मी वर्गाकडे विजयी वीरासारखं पाहिलं.

"आता त्यांच्याच दुपट्ट्यानं डोळे बांधा," मॅडम म्हणाल्या. "कापूस टेबलावर ठेवा. आणि पुन्हा विचारा."

मला काही उमगलं नाही. हात मागे घेऊन मी विचारलं, "समजते काय?"

"हो जी."

"आन् आता?"

"हो जी, चांगलं समजते."

सगळा वर्ग हसत सुटला. माझ्या शेजारचा तर बाकावरून घसरला. दुपट्ट्याआडून काकाही हसायला लागले, कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझे कान तापले.

"आता विचारू नका, नुसता कापूस लावा," मॅडम म्हणाल्या. "काका, जिथं लागेल तिथं बोट ठेवा."

मी त्यांच्या तळहाताला कापूस लावला, बोट बरोबर तिथं आलं. खांद्याला लावला, तिथंही आलं. मग चट्ट्यावर लावला. काका स्वस्थ बसून राहिले. मी पुन्हा लावला, जरा सरकवून पुन्हा.

"चालू करा ना जी," काका म्हणाले, "काऊन थांबले?"

वर्गातलं हसणं बंद झालं.

मी दुपट्टा सोडला. "काका, मंग मळ्यात हो काऊन म्हणत होते?"

"तुम्ही एवढ्या दुरून सायकलनं आले, एवढ्या मायेनं इचारून राह्यले," ते म्हणाले, "नाई कसं म्हनू? तुमाले वाईट वाटलं असतं."

मला इतकी लाज वाटली की आजही लिहिताना वाटते. त्याहून भीती जास्त होती. त्या हाताची बोटं मॅडम एकेक वाकवून बघत होत्या, तेव्हा रोगानं एखादं वाकडं तर झालं नाही ना, ते मी बघत होतो. "ताकद शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "वेळेत सापडलं." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "मी ‘समजलं का’ विचारते, तुम्ही ‘हो मॅडम’ म्हणता. तेवढ्यावर मी का विश्वास ठेवू?"

त्या दिवशी ‘हो मॅडम’ कोणीच म्हटलं नाही. पुढे त्या खोलीत तो प्रश्नच बंद झाला. "करून दाखवा" म्हणायचं आणि बघायचं.

काकांच्या पांढऱ्या गोळ्या दर महिन्याला मी स्वतः नेऊन देऊ लागलो. गोळ्या घ्यायला ते सहज शिकले. शिकायला जड गेलं ते ‘नाई’ म्हणणं. मी म्हटलं, घरी सवय करा. त्यांनी केली. काकूंनी "चहा ठेवू काय?" विचारलं की हे "नाई" म्हणायचे, आणि खरोखरच बिनचहाचे राहायचे. काकूंनी त्याबद्दल मला चांगलंच फैलावर घेतलं.

चौथ्या वर्षी मॅडमनी गोळ्या बंद करायला सांगितलं. ते सांगायला मी मळ्यात गेलो. चट्टा बराचसा कातडीच्या रंगाला आला होता. हाताची पाचही बोटं सरळ होती. काकांनी विहिरीच्या काठावर बसून स्वतःच डोळ्यांवर दुपट्टा बांधला. मी तोंडातून अवाक्षर न काढता चट्ट्याच्या मधोमध कापूस लावला. थोडा वेळ गेला. मग त्यांचं बोट हळूहळू आलं आणि नेमकं तिथंच टेकलं.

डोळे भरून आले, पण बघायला कोणी नव्हतं. मग मला खोडी सुचली. कापूस खिशात घातला, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि विचारलं, "काका, आता समजते काय?"

काका बोट उचलून विचारात पडले.

"नाई," ते म्हणाले, "तुम्ही तर हातच नाई लावला."