सुगराबाईंनी फोनवर ऐकलेलं ‘बरं’

भोरच्या सुगराबाई हिर्डोशीच्या बाजूला उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी त्यांना सगळ्यात जास्त फसवलं ते ‘बरं’ या शब्दानं. तापानं फणफणलेला म्हातारा ‘बरं हाय’ म्हणायचा, कारण आपल्यापायी बाईंना चढण चढावी लागली याची त्याला लाज वाटायची. गोळ्या हातावर ठेवल्या की बायका ‘बरं’ म्हणायच्या आणि गोळ्या फळीवरच्या डब्यात पडून राहायच्या. सासू शेजारी असली की सुनेचं ‘बरं’ म्हणजे आता पुढचं विचारू नका. ‘बरं, बरं’ असं दोनदा कुणी म्हणालं, तर तो माणूस तपासणीला येत नसे. आणि ‘जरासं बरं न्हाई’ असं कुणी आपणहून म्हणालं, की बाई हातातला चहा ठेवून निघत. त्यांच्या घरातही मराठीच बोलत, शब्द रोजच्या तोंडातला. पण तो ऐकायला त्या शिकल्या डोंगरात.

दोन वर्षांपूर्वीची भातकापणी. भर दुपारी बाई दिवस गेलेल्या बायकांना एकेक फोन लावत होत्या. वरच्या वाडीतल्या प्रेरणाला आठवा सरत आला होता. पानशेतकडची ही पोर मोठी बोलकी. बाईंनी एक विचारलं तर ती चार विचारायची.

“जेवलीस का गं?”

“बरं.”

“पाय सुजलेत का?”

थोडा वेळ काहीच नाही. मग तितक्याच सपाट आवाजात, “बरं.”

बाईंचं पेन थांबलं. घरात कोण आहे, असं त्यांनी विचारलं. पलीकडून पुन्हा तोच शब्द आला आणि मग नुसता कोंबड्यांचा आवाज. आजवर ऐकलेल्या प्रत्येक ‘बरं’मागं काहीतरी होतं. कुठं भीड, कुठं भीती, कुठं टाळाटाळ. या ‘बरं’मागं कुणीच नव्हतं.

त्यांनी ॲम्ब्युलन्सला कळवलं. ती भोरहून निघाली तरी घाट चढून यायला तासाच्या वर लागणार होता. म्हणून प्रेरणाच्या नवऱ्याला, सोमनाथला, फोन लावला. तो खालच्या खाचरात टेम्पोत भाताची पोती भरत होता. सकाळी तिचं डोकं दुखत होतं, आईनं तिला निजायला सांगितलं, एवढंच त्याला ठाऊक. आत्ता तर ती तुमच्याशी बोलली ना, असं तो म्हणाला.

“बोलली न्हाई, सोमनाथ. तोंडातनं नुसता शब्द निघाला. पोती उतरव आणि मला घ्यायला ये.”

त्यानं पोती बांधावर टाकली. दहा मिनिटांत बाई टेम्पोत होत्या, मांडीवर बॅग घट्ट धरून. ही भीती खोटी ठरावी असं त्यांना वाटत होतं. सगळी वाडी हसली तरी चाललं असतं.

प्रेरणा भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडे, फोन मांडीत, चेहरा फुगलेला. बाईंनी दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला. वरचा आकडा एकशेऐंशी, खालचा एकशेवीस. तेवढ्यात सासू धोंडाबाई विळा हातात घेऊनच शेतातून पळत आल्या. सुनेला झोप येतीय, तिला हलवू नका, असं त्या म्हणू लागल्या.

“मावशी, ही झोप न्हाई. रक्तदाब लई चढलाय, कवाबी झटका येईल. दोन जीव हायेत. गोधडी घ्या आणि टेम्पोत बसा.”

बाईंनी डॉक्टरांना फोन लावून, त्यांच्या सांगण्यावरून दोन्ही कुल्ल्यांत झटक्यावरचं एकेक इंजेक्शन दिलं. टेम्पो निघाला. तिसऱ्या वळणावर प्रेरणाचं अंग ताठ झालं, दातखीळ बसली, हातपाय झडू लागले. बाईंनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, डोकं सांभाळलं. धोंडाबाई पायांशी बसून नुसतं तिचं नाव घेत होत्या. टेम्पो थांबवू नकोस, एवढंच बाई सोमनाथला ओरडून म्हणाल्या. मिनिटभरानं अंग सैल पडलं. श्वास चालू आहे की नाही हे कळेपर्यंत त्या तिच्या नाकाशी कान लावून होत्या. चालू होता.

अर्ध्या वाटेत ॲम्ब्युलन्स भेटली. भोरला थोडं सावरून प्रेरणाला पुण्याला नेलं आणि संध्याकाळीच ऑपरेशन झालं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. ती सोळा दिवस काचेच्या पेटीत राहिली. आई चौथ्या दिवशी नीट बोलू लागली, पण तो फोन तिला आजही आठवत नाही.

बाळाला घेऊन वाडीत आल्यावर धोंडाबाई एकट्याच उपकेंद्रात आल्या. बाकड्यावर बसल्या. मग आपलाच पाय पुढं करून त्यांनी विचारलं, सूज कशी वळखायची, दाखवा. बाईंनी त्यांचा अंगठा धरून घोट्याच्या वर दाबायला शिकवलं. खळगा तसाच राहिला तर लगेच कळवायचं.

आता वरच्या वाडीत कुणाला दिवस गेले की धोंडाबाई दर सोमवारी तिच्या दारात हजर असतात. आधी पाय पुढं करायला लावतात. चहाचं मागाहून.