पंतांनी आणलेला महाशीर

भालचंद्रपंत मुळ्ये म्हातारपणी फूलबागेत फिरायला यायचे, आणि कुणी चंबळ नदीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा! काय ते संस्थानी अमलातले दिवस! शाळेला मे महिन्याची सुटी लागली, की हे ड्रॉइंगमास्तर वळकटी बांधून उमाजी मोहित्याबरोबर चंबळवर पसार. कशाला? तर महाशीर मासे धरायला. तळहाताएवढे सोनेरी खवले, आणि अंगात ताकद अशी की भल्याभल्यांना घाम फोडील.

आता मुळ्ये पडले दौलतगंजातले सोवळे ब्राह्मण. मासे खाणं राहू द्या, माशाला बोट लावायचीही सोय नाही. आमिषाला गांडूळ? शिव शिव! पंत गळाला कणकेचे गोळे लावायचे, आणि महाशीरला ते चालायचे. मासा काठाला आला की पुढचं सगळं उमाजीचं. गळ सोडवायचा तो, घरी न्यायचा तो, खायचा तो. उमाजी रिसाल्यातला जुना शिपाई, पाटणकर बाजारात राहायचा. "पंत, तुम्ही धरा, आम्ही जिरवतो," म्हणून मिशीत हसायचा.

एका वर्षी मात्र सुटी लागली तेव्हा उमाजी अंथरुणाला खिळला होता. त्याची बायको विजयाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "काही खात नाहीत हो पंत. घास नुसता तोंडात फिरतो. काय हवं विचारलं, तर म्हणतात, चंबळचा महाशीर."

पंत तसेच उठले. उमाजीच्या पोटात चार घास जायला हवेत, दुसरं काही त्यांना सुचेना. एकटेच गेले. नशीब बघा, पहिल्याच सकाळी मासा लागला! चांगलाच झुंजला. अखेर वाळूवर आला, तेव्हा पंतांनी रामाचं नाव घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माशाला हात लावला. आनंदाने रडूच आलं त्यांना.

आणि इथेच घोळ झाला. इतकी वर्षं मासे धरलेला माणूस, पण धरलेल्या माशाचं पुढे काय करतात ते ठाऊक नाही! उन्हाने सुकू नये म्हणून पंतांनी तो घोंगडीत गच्च गुंडाळला, वळकटीत बांधला, आणि धर्मशाळेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली. घरात भोपळा नाही का महिनाभर कोपऱ्यात राहत? तसाच मासाही राहील, असा पंतांचा हिशेब. डब्यातली माणसं नाकाला उपरणं लावून लांब सरकली. पंतांना वाटलं, मासा म्हटला की वास यायचाच. ताज्याचा वास निराळा आणि नासलेल्याचा निराळा, हे त्या बिचाऱ्याला सांगणार कोण?

भर दुपारी, सगळा पाटणकर बाजार बघत असताना, पंत ती वळकटी छातीशी धरून उमाजीच्या दारात आले. विजयाबाईने गाठ सोडली आणि तोंडावर पदर घेतला.

"अहो पंत, हा नासलाय हो."

आतून आधी ठसका ऐकू आला, मग हसू. पंत घोंगडी दारातच टाकून आत गेले, तर उमाजी हसत होता!

"घोंगडीत, पंत? ऐन उन्हाळ्यात? कमाल केलीत!"

"माझं चुकलं रे उमाजी," पंतांना हुंदका आवरेना. "तू एक गोष्ट मागितलीस, आणि मी ती नासवून आणली."

"ते जाऊ द्या. लागला कुठे ते सांगा. खडकापाशी?"

"खडकाच्या पलीकडे. खोल डोहात."

"मग? दोरा ढिला सोडलात ना?"

"सोडला. सरसर गेला बघ, हात सोलून निघाला."

"वा! पुढं?"

पंत सांगू लागले. आता हातवारे आले, आवाज चढला. विजयाबाईने वरणात भाकरी कुस्करून ताटली हळूच उमाजीच्या हाताशी सरकवली. ऐकता ऐकता त्याने एक घास घेतला. मग दुसरा. त्याचं ताटलीकडे लक्षच नव्हतं. विजयाबाईने त्याच्यामागून पंतांना खूण केली, थांबू नका.

गोष्टीतला मासा काठाजवळ आला, तेव्हा ताटलीत अर्धी भाकरी उरली होती. पंतांनी एकवार ताटलीकडे पाहिलं, दोरा ढिला केला, आणि मासा पुन्हा डोहात पाठवला.