पुढच्या सीटवरून घेतलेली मापं

जळक्या पाइपाचा वास मला आता झोपेतही ओळखता येईल. गोडसर, घशाला चिकटणारा, आणि एकदा कपड्यात शिरला की धुऊनही न जाणारा. आमच्या जळगावात शेतीच्या पाइपांना तोटा नाही, त्यामुळे इथल्या माणसाचं काहीही अडलं की त्याला आधी पाइप आठवतो. कपडे वाळत घालायची घोडी पाइपाची, कोंबड्यांचं खुराडं पाइपाचं, लेकराचा पाळणासुद्धा पाइपाचा. माझ्या नवऱ्याने त्यात मोटारसायकलची भर घातली.

मोटारसायकल लांबच्या प्रवासाची, अंगाने थोराड. नोकरी संपल्यावर ह्यांनी हौसेने घेतली. तिच्यावरून आम्ही दोघं तोरणमाळला गेलो, पाटणादेवीला गेलो, आणि दर पंधरवड्याला धुळ्याला जायचो, माझ्या आईकडे. आईला आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, नखं कापायची, हे सगळं माझ्याकडे. भावजय चांगली आहे, पण आई तिच्या हातात बोट देत नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका फेरीनंतर सकाळी चूळ भरायला गेले, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळून खाली आलं. आरशात पाहिलं. अर्धा चेहरा लोंबत होता आणि त्यातून लाळ गळत होती. स्वतःच्या तोंडाची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. औषधांनी तोंड बरंचसं जागेवर आलं. डावा डोळा मात्र पुरता मिटेना. झोपेतही फट राहते. डॉक्टरांनी बजावलं, ह्या डोळ्यात वारा-धूळ गेली तर बुबुळाला जखम होईल आणि मग नजरेची खात्री नाही. गाडी बंद.

बसने जा, असं सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांनी बसमध्ये माझ्या शेजारी बसून दाखवावं. मला बस लागते. त्यात खिडक्यांखाली कुणाकुणाच्या ओकाऱ्यांचे वाळलेले ओघळ, सीटवर काहीतरी चिकट, आणि पुढचा माणूस दर पाच मिनिटांनी खिडकीतून मान काढून गुटखा थुंकणार. एरंडोल यायच्या आत माझी पिशवी भरलेली असते. एकदा गेले. धुळ्याला उतरले ती आईच्या घरी पडूनच राहिले, नखं तशीच राहिली. त्यानंतर दोन महिने मी गेले नाही आणि आई फोनवर काही बोलायची नाही, नुसती विचारायची, "जेवनी का?"

हेल्मेट कानामागे दाबतं आणि तिथे ठणका उठतो. गॉगल लावला तर वारा कडेने शिरून आत गरगरतो. डोळ्यावर पट्टी बांधून बसले तर तोल जातो. हे सगळं करून झाल्यावर ह्यांनी जाहीर केलं की गाडीलाच वारा अडवणारे पत्रे बसवायचे. तसे तयार मिळतात. पण तयार वस्तू आणली तर ह्यांच्या हातांनी काय करायचं?

असोद्याला माझा दीर शेती करतो. त्याने पटकन सांगितलं, "भाऊ, वावरात मोठा पाइप पडेल हाये, तो घेऊन जाय ना." तो पाइप केळीच्या बागेत चरीशेजारी कधीचा पडून होता. आत कुजलेल्या केळीच्या खांबांचा काळा लगदा, गोगलगाई, आणि एक बेडूक, जो बेडूक राहिला नव्हता. हे सगळं माझ्या मोरीत धुतलं गेलं. दोन दिवस मी त्या मोरीत पाय ठेवला नाही, शेजारणीकडे आंघोळीला गेले.

मग पाइप उभा चिरला. आणि तो सपाट करायला अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, ज्या जाळावर आम्ही भरताची वांगी भाजतो, त्याच जागी. पाइप नरम झाला की चिमट्याने उचलायचा आणि माझ्या पापडाच्या पाटाखाली दाबून वर गव्हाची पोती ठेवायची. पाट माझ्या सासूचा. त्यावर पाइपाचा कातडीसारखा थर चिकटला, तो आजही निघालेला नाही. त्या आठवड्यात मी भरीत केलं तर वांग्यांनाही तोच वास. ह्यांनी बोटं चाटत खाल्लं. मी ताट तसंच सरकवलं आणि ह्यांच्याकडे पाहात बसले. मिशीला तेल लागलेलं, नखांत वितळलेल्या पाइपाचं काळं, आणि चेहऱ्यावर समाधान.

मापं मात्र फार काळजीने घेतली. अंगणात गाडी उभी करून हे सीटवर ताठ बसायचे, हात हँडलवर, आणि मी सुतळी धरून उभी. गुडघा कुठे येतो, कोपर कुठे येतं, हनुवटी किती उंच. गुडघ्यांना दोन फळ्या, मुठींना दोन, आणि तोंडासमोर काच म्हणून पाण्याच्या वीस लिटरच्या जारचा उभा कापलेला तुकडा. जारच्या कडेला आतून हिरवं शेवाळ होतं. मी म्हटलं, निदान ते तरी खरवडा. तर म्हणाले, "त्याने वारा अडतोच ना?" फळ्यांना वरून काळा ऑइलपेंट. तो वाळेना, हात लावला की बोटांना चिकटायचा, आणि दर सकाळी त्यात नवीन माश्या रुतलेल्या असायच्या.

आई धुळ्यात वाट पाहात होती म्हणून मी बसले. नाहीतर त्या गाडीला मी हातही लावला नसता.

चैत्रातलं ऊन, सकाळीच चटके देणारं. गाव सुटल्यावर गाडीने वेग घेतला आणि हे पुढून ओरडले, "अगं, पान हलत नाही इथे. अजिबात वारा नाही." खरंच नसणार. सगळा वारा त्या जारवर चढत होता, ह्यांच्या डोक्यावरून उडी मारत होता आणि मागे, जिथे सीट पुढच्यापेक्षा उंच आहे, तिथे थेट माझ्या तोंडावर येऊन आदळत होता. आधी जो वारा ह्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जायचा, तो आता गोळा करून माझ्यासाठी आणला जात होता. स्कार्फ फडफडून गालावर चापट्या मारत होता. मी डाव्या डोळ्यावर तळहात दाबला आणि उजव्या हाताने गाडीची कडी धरली. ओरडले तर शब्द मागेच उडून जायचे.

एरंडोलच्या पुढे आमच्यासमोर एक बस होती. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. पुढे काय होणार ते मला दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. लाल पिचकारी जारवर फुटली, वाऱ्याबरोबर वर चढली, ह्यांच्या टोपीला स्पर्शही न करता मागे आली आणि माझ्या स्कार्फवर, कपाळावर, डोळ्यावर धरलेल्या हाताच्या पाठीवर शिंतोडे उडाले. कोमट होते. हात काढला तर डोळा उघडा पडतो, म्हणून दुसऱ्या कुणाची थुंकी मी पारोळ्यापर्यंत हातावर वागवली.

पारोळ्याजवळ चहाच्या टपरीशी हे थांबायला गेले आणि ह्यांचा पाय खाली येईना. पाइप जन्माचा गोल असतो. तापवून सपाट केला तरी पुन्हा ताप लागला की मूळपदावर येतो, हे जळगावच्या माणसाला कुणी सांगायला नको. इंजिनची धग आणि वरचं ऊन, दोन्ही मिळून गुडघ्यांच्या फळ्या सावकाश वळत गेल्या होत्या आणि ह्यांची पोटरी त्यांनी मिठीत घेतली होती. गाडी उभी राहिली, क्षणभर तोलली, आणि आम्ही तिच्यासकट आडवे झालो. खाली कालच्या चहाचा चोथा, पानाच्या पिंका आणि ओल होती. लागलं काही नाही. पण मी त्यात पडले होते.

टपरीवरच्या लोकांनी फळ्या बाहेर ताणून ह्यांचे पाय सोडवले आणि आम्हाला उठवलं. एक म्हातारे बाबा वाकून वाकून फळी पाहात होते. म्हणाले, "भाऊ, हाऊ पाइप कसाले बसाडा गाडीले?" ह्यांनी त्यांना वारा, वेग, सगळं समजावलं. मी नळाखाली हात धूत होते आणि धुऊन पुरे होत नव्हतं.

धुळ्याला पोचलो तेव्हा माझा डोळा लाल पेरूच्या फोडीसारखा झाला होता. औषधाचे थेंब घालून आईजवळ बसले. तिने हाताने माझा चेहरा चाचपला, डाव्या गालावर बोटं फिरवली, डोळ्याच्या फटीपाशी थांबली. वारा कुठून लागला, विचारलं. मी सांगितलं. बाहेर ओसरीवर हे माझ्या भावाला सांगत होते की पुढच्या वेळी जाड पाइप घेऊ, म्हणजे वळणार नाही. आईने ते ऐकलं आणि हळूच म्हणाली, "जवाईबापूले एकदाव मांगे बसाड."

मीच बाहेर जाऊन भावाला किल्ली दिली. ह्यांना मागे बसवून तो हायवेपर्यंत गेला. परत आले तेव्हा ह्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहात होतं आणि गालांवर धुळीचे ओघळ होते. पायरीवर बसले. बराच वेळ शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिले.

"इतका?" ह्यांनी विचारलं.

"इतका. आधी नव्हता. आधी तुमची पाठ होती."

मग ह्यांनी पाना काढला आणि एकेक फळी उतरवली. आता त्या चांगल्या गोल झाल्या होत्या. जारचा तुकडा गटारापाशी उभा केला. तेवढ्या वेळात मी आईला न्हाऊ घातलं, वेणी घातली, नखं कापली. नखं वाढून आत वळली होती.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, बसस्टँडवर सोडतो. मी नको म्हटलं आणि गाडीवर बसले. ह्यांनी गाडी सावकाश घेतली. वारा येऊ लागला तसा मी डावा गाल ह्यांच्या पाठीला घट्ट चिकटवला, डोळ्यासकट. शर्ट ओलाचिंब होता. घाम, टपरीवरचा चोथा आणि जळका पाइप, तिन्ही वास एकदम नाकात शिरले.  तरी तोंड मी बाजूला घेतलं नाही. त्या घाणेरड्या कापडाखाली डोळा पुरता मिटला होता, हिवाळ्यापासून पहिल्यांदाच.