कंट्रोलची वीसच्या वीस मेली!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या आणि मग कप उचला. हा किस्सा ऐकताना लोकांच्या नाकातनं चहा येतो, आणि सोफ्याची खोळ मी कालच धुतलीय.

तर मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे काय, घंटा वाजली की मी प्राध्यापक, पुन्हा वाजली की मी कुणीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर मी या जगातच नसते! अशी किती वर्षं काढली ते विचारू नका. माझे जुने विद्यार्थी आता सिटी बसमध्ये मला उठून जागा देतात, त्यावरनं काय ते समजून घ्या.

आणि एके दिवशी कॉलेजात कायमची जागा निघाली. एकच! पण अट अशी, की पीएचडीचा प्रबंध जमा झालेला पाहिजे. माझा सगळा झाला होता, फक्त शेवटचा एक प्रयोग राहिला होता. प्रयोग नीट झाला तर प्रबंध, प्रबंध झाला तर अर्ज, आणि अर्ज गेला तर जागा माझीच, असं स्वतः सर म्हणाले होते. सर म्हणजे माझे गाईड. त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे आमच्या पडेगावात नळाला पाणी येणं. येतं, पण कधी ते कुणी सांगू शकत नाही.

प्रयोग काय होता? घाबरू नका, परीक्षा घेत नाहीये.

मोरीतनं, गोठ्यातनं, मुतारीतनं डोळ्यांत पाणी आणणारा जो वास येतो ना, तो अमोनिया. सांडपाण्यातनं तो ओढ्या-नाल्यात जातो. पाण्यात तो किती झाला की तिथले बारके जीव दोन दिवसांत मरतात, हे मला शोधायचं होतं. बारके जीव म्हणजे डॅफ्निया. पाण्यातली पिसू म्हणा. नुकतं जन्मलेलं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं, आणि पोहतं कसं, तर टुणूक टुणूक उड्या मारत.

बीकर ओळीनं मांडायचे. एकात अमोनिया थोडा, पुढच्यात जरा जास्त, त्याच्या पुढच्यात आणखी जास्त. प्रत्येकात वीस पिल्लं सोडायची आणि दोन दिवसांनी बघायचं, कोण हलतंय, कोण नाही. आणि एक बीकर असा, ज्यात अमोनिया अजिबात नाही. नुसतं स्वच्छ पाणी. त्याला म्हणायचं कंट्रोल. कंट्रोलमधली पिल्लं जगलीच पाहिजेत! तीच मेली, तर बाकीची अमोनियानं मेली हे कुठल्या तोंडानं सांगणार? सगळा प्रयोग रद्द.

आणखी एक नियम. दोन दिवस कुणालाच खायला घालायचं नाही. खाणं टाकलं की पाणी बिघडतं. हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देते. खाली दोन रेघा मारते.

एरवी या पिसवांना खायला खमीर लागतं, म्हणजे यीस्ट. ते मी शहरात नानच्या भट्टीवरनं चिमूटभर आणायची. भट्टीवाल्यानं एकदा विचारलं, "बाजी, इत्ते से खमीर में कित्ते नान बनते तुम्हारे?" मी खरं सांगितलं, "नान नै जी, घर में पिसवा पाले मैं." तेव्हापासनं त्यानं मला भट्टीच्या आत घेतलं नाही. पुडी लांबनंच फेकायचा.

तर गुरुवारी बीकर मांडले, शनिवारी निकाल. आणि नेमकं शनिवारीच पडेगावात पाणी आलं! आता तुम्हीच सांगा, बाईनं करायचं काय? पीएचडी एकदा हुकली तर पुढच्या वर्षी होते, पाणी हुकलं तर आठवडाभर भांडी कशात घासू? शबाना म्हणून माझी मैत्रीण आहे, माझ्यासारखीच तासिकेवर. ती म्हणाली, "मॅम, आप पानी भरो. मैं देख लेती."

सकाळी मी अंगणात, हातात पाइप, मोटर घरघरतेय, फोन खांद्यात दाबलेला. शेजारी मंदाकाकू त्यांच्या टाकीत पाइप सोडून उभ्या. काकू आमच्या गल्लीतल्या आकाशवाणी. फरक एवढाच, की आकाशवाणी मधे थांबून गाणी लावते.

"मॅम," शबानाचा आवाज रडवेला. "कंट्रोल की पूरी मर गई."

"काय? मोटर चालूय, जोरात बोल!"

"कंट्रोल की! पूरी! बीस की बीस!"

माझ्या हातातनं पाइप सुटला. मी किंचाळले, "कंट्रोलची वीसच्या वीस मेली?"

"हाँ मॅम."

"आणि अमोनियावाली?"

"वो कम डोसवाली तो मस्त तैर रई."

"म्हणजे अमोनियावाली जिवंत अन् कंट्रोलची मेली? सगळी पिल्लं? अगं, आता मी सरांना तोंड काय दाखवू!" आणि मी अंगणात, चिखलात, मटकन बसून रडायला लागले. माझी जागा गेली हो! घंटा वाजायची ती वाजली.

शेजारी काकूंची टाकी भरून वाहत होती. आठवड्याचं पाणी गटारात चाललं होतं आणि काकूंना भान नव्हतं. तिथंच मला समजायला पाहिजे होतं.

आता एक सांगा, कंट्रोल म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं काय येतं? आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कंट्रोलचे गहू, कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलला लाईन लागली का. हमीदभाईंचं कंट्रोल आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. आणि त्याच आठवड्यात नवे तांदूळ वाटले होते.

मी डोळे पुसून, साडी बदलून कॉलेजला निघाले, तर दुकानासमोर ही गर्दी! बाया पिशव्या घेऊन आलेल्या, पण तांदूळ न्यायला नाही, परत करायला.

"घ्या हे तुमचं! आमाला नगं!"

हमीदभाई काट्यामागं घामाघूम. "अरे, पण मेलं कोण? नाव तरी सांगा कुणी!"

"मॅडमच्या कॉलेजातली पोरं. वीसच्या वीस! कंट्रोलचं खाल्लं अन् गेली. अन् न्यूमोनियावाली जगली म्हणं."

"न्यूमोनिया होऊन जगली?"

"व्हय तर! त्यास्नी भात वर्ज्य आसंल."

मला बघितल्यावर सगळी गर्दी माझ्याकडं वळली. मंदाकाकूंनी माझा हात धरला. "आली बिचारी. रडून रडून डोळे बघा कसे झालेत."

"काकू, कुणी मेलेलं नाही!"

"मग सकाळी चिखलात बसून कुणाला रडत होतीस?"

"मेली, पण ती पोरं नव्हती. पिसवा होत्या, पिसवा!"

मग मागनं एक आवाज, "आगं बया, तांदळात पिसवा पन हायेत?"

हमीदभाईंनी कपाळावर हात मारला. "मॅडम, मैं क्या बिगाड़ा आपका?"

"तांदळात नाही हो, पाण्यात! बारकी बारकी पिल्लं. आणि त्यांनी काही खाल्लंच नव्हतं. दोन दिवस उपाशी होती ती!"

"लेकरं उपाशी ठिवली?" काकूंनी माझा हात सोडला. "वीस लेकरं? दोन दिस? अन् मास्तरीण म्हणवतीस?"

बघा, माणसानं खरं बोलावं तरी किती! मी जितकं खरं सांगत होते, तितकी खड्ड्यात जात होते. शेवटी मी दुकानाच्या पायरीवर चढले. वर्गात चढते तशी. आवाजही तोच लावला.

"ऐका! मी विज्ञानाची बाई आहे. मी जबाबदारीनं सांगते, कंट्रोलचं खाऊन कुणीही मेलेलं नाही! आणि मरणारही नाही! ही सगळी अडाणीपणाची अफवा आहे. काकू, तुम्हाला सुद्धा शोभत नाही हे!"

एवढं बोलून थांबले असते तर? पण नाही. पुरावा द्यायची खोड! मी पोत्यात हात घातला, मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकले आणि सगळ्यांसमोर कराकरा चावायला लागले. हमीदभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी टाळ्या पण वाजवल्या.

आणि चावता चावता मला आठवलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी प्रयोगशाळा बंद करत होते. शेवटचं म्हणून बीकरकडं बघितलं. कंट्रोलमधली पिल्लं नुसत्या पाण्यात वर-खाली करत होती. त्यांच्यात विष नाही, काही नाही. कशात काही नाही, पोटातही नाही. नुसतं पाणी पिऊन वाट बघत बसायचं. मला का कोण जाणे, मे महिन्यातली बिनपगारी मीच दिसले. अमोनियावाल्यांना खायला दिलं तर प्रयोग बिघडेल, एवढं भान होतं बघा! पण कंट्रोलला काय होतंय? साधं पाणी तर आहे! पर्समध्ये खमिराची पुडी होती. म्हणलं, एवढंसं. आणखी एवढंसं. वरनं बीकर झाकला, आणि मायेनं लाईट घालवून घरी आले.

रात्रभर ते खमीर फुगलं असणार. पाण्यातली सगळी हवा खाऊन बसलं असणार. आणि माझी वीस पिल्लं...

माझं चावणं थांबलं. तोंडात तांदूळ तसेच, डोळे मोठे झाले, अंगाला दरदरून घाम.

"आगं बघा बघा! चढलं तिला!" काकू ओरडल्या. "तोंड पांढरं पडलं! पाणी आना कुनी तरी!"

अर्ध्या मिनिटात दुकान रिकामं! पिशव्या टाकून बाया पळाल्या. हमीदभाई माझ्या पाठीवर थापट्या मारतायत, "थूको मॅडम, थूको!" आणि मी? ते तांदूळ मला गिळवेनात आणि थुंकवेनात.

पुढं तपासायला माणसं आली, तांदूळ चांगले निघाले, हमीदभाईंवर काही बालंट आलं नाही. पण महिनाभर त्यांच्या काट्यासमोर कुत्रं फिरकलं नाही. मला बघितलं की ते शटर अर्धं ओढून घ्यायचे.

शबानानं त्या दुपारी वाट दाखवली होती. "मॅम, लिख देते ना, जिंदा थे बोलके. कौन आ रा उन को गिनने?" कुणीच येणार नव्हतं, हे खरं. मी नाही म्हणाले. याला लोक प्रामाणिकपणा म्हणतात. आमचे हे जे म्हणतात ते मी तुम्हाला चहाच्या वेळेला सांगू शकत नाही.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये उभी राहिले.

"कंट्रोल मेला? कशानं?"

"खाऊन, सर."

"काय खाऊन?"

"मी घातलेलं."

सरांनी एकदा पंख्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, हा नियम मी कुणाकडून शिकलो नसतो, तर तुमच्या फळ्यावरनं शिकलो असतो."

नवी पिल्लं जन्मायला, वाढायला, पुन्हा सगळं मांडायला वेळ लागतो. अर्जाची तारीख कुठं थांबते! प्रबंध राहिला. ती कायमची जागा माझ्याच एका विद्यार्थ्याला मिळाली. चांगला आहे पोरगा. मला बघितलं की खुर्चीतनं उठतो. माझ्याच नोट्स वापरतो. दोन रेघांसकट.

आणि मी? अजून तासिकेवर. घंटा वाजते, मी जाते.

पण खरी पंचाईत ती नाहीच. खरी पंचाईत मंदाकाकू. गल्लीभर मी त्यांना अडाणी म्हणाले होते, चारचौघांत, पायरीवर चढून. आणि त्यांचा शब्द न् शब्द खरा! कंट्रोलचं खाऊनच मेली होती हो! त्यांना सकाळीच कळलं, मला तांदूळ चावेपर्यंत कळलं नाही.

परवा पुन्हा पाणी आलं. दोघी पाइप धरून उभ्या. काकूंनी हळूच विषय काढला.

"का गं, ती तुझी लेकरं शेवटी मेली तरी कशानं?"

सरांना सांगताना जीभ अडखळली नव्हती. पण काकूंच्या डोळ्यांत बघितलं आणि माझ्यातली विज्ञानाची बाई गपकन खाली बसली.

"न्यूमोनियानं, काकू."

काकूंनी समाधानानं मान हलवली. "व्हायचाच. दोन दिस पाण्यात उभी केलीस ना त्यास्नी!"

मी म्हणलं, "व्हय, काकू. तिथंच चुकलं."